चारशे जहाजे आणि वाटेतून परतलेले आरमार: स्मर्ना काफिला, १६९३

ब्रिटिश आरमाराच्या गोष्टी बहुधा विजयांच्या असतात. ट्रफाल्गर, नेल्सन, फार तर स्पॅनिश आर्माडा. इथे एका नाचक्कीची गोष्ट घेतली आहे. कारण व्यापारी जहाजांची राखण हे आरमाराचे नेहमीचे काम आहे, ही समजूत लंडनमध्ये पक्की व्हायला विजयांपेक्षा ही नाचक्की जास्त कारणीभूत ठरली, असे माझे मत आहे.

तारखांबद्दल आधीच सांगून ठेवतो. त्या काळी इंग्लंडचे कॅलेंडर युरोपच्या मुख्य भूमीपेक्षा दहा दिवस मागे होते. इंग्रजी कागदांतला १७ जून फ्रेंच कागदांत २७ जून असतो. खाली सगळीकडे इंग्रजी तारखा आहेत.

पार्श्वभूमी

स्मर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझ्मिर. १५८१ साली राणी एलिझाबेथच्या सनदेने स्थापन झालेली लेव्हंट कंपनी उस्मानी साम्राज्याशी व्यापार करत असे. इंग्लंडमधून लोकरीचे कापड जायचे आणि येताना कच्चे रेशीम, अंगोऱ्याची लोकर, कापूस, मनुका यायच्या. या धंद्यात एका फेरीत बरेच भांडवल अडकून पडे आणि माल परत येऊन विकला जाईपर्यंत ते मोकळे होत नसे.

१६८८ साली डच विल्यम सैन्यासह इंग्लंडमध्ये उतरला, पुढच्या वर्षी राजा जेम्सच्या जागी गादीवर आला आणि त्याच वर्षी इंग्लंड व हॉलंड मिळून फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी लढू लागले. समुद्रावर या युद्धाची सुरुवात वाईट झाली. १६९०च्या उन्हाळ्यात बीची हेडजवळ फ्रेंच सेनापती तुरव्हिलने इंग्रज-डच आरमाराला हरवले. काही आठवडे इंग्लिश खाडी फ्रेंचांच्या ताब्यात होती आणि टेनमथ हे किनाऱ्यावरचे गाव त्यांनी जाळले. ही धास्ती लक्षात ठेवायला हवी, पुढच्या निर्णयात ती डोकावते.

१६९२च्या मे महिन्यात पारडे फिरले. बार्फ्लरच्या लढाईनंतर पांगलेल्या फ्रेंच जहाजांपैकी पंधरा मोठी जहाजे इंग्रजांनी शेरबूर आणि ला ऊग इथे जाळली. लंडनमध्ये घंटा वाजल्या. पण हा विजय मिळवणारा ॲडमिरल रसेल आणि राज्यमंत्री नॉटिंगहॅम यांचे हाडवैर होते. लढाईनंतर फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायचे राहून गेले, ते कोणामुळे, यावर दोघांची जुंपली आणि रसेलला बाजूला व्हावे लागले. त्याच्या जागी १६९३च्या सुरुवातीला एक सोडून तीन सेनापती नेमले गेले: किलिग्रू, डेलाव्हल आणि शॉव्हेल. शॉव्हेल एका राजकीय गोटातला, उरलेले दोघे दुसऱ्या. पदच्युत राजा जेम्सबद्दल त्या दोघांना आतून ओढ आहे, असा संशय उघडपणे बोलला जाई.

अडचण

युद्धामुळे भूमध्य समुद्राकडे जाणारी जहाजे एकेकटी सोडणे धोक्याचे झाले होते. डंकर्क आणि सां मालो या बंदरांतून फ्रेंच सरकारी परवान्याने निघणारी खाजगी लढाऊ जहाजे दिसेल ते तारू पकडत. त्यावर उपाय काफिल्याचा: सगळी व्यापारी जहाजे एकत्र आणि सोबतीला युद्धनौका.

काफिला हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. पोर्तुगीज आपल्या पश्चिम किनाऱ्यावर व्यापारी गलबतांना लढाऊ जहाजांच्या सोबतीने नेत, त्या प्रथेला हेच नाव होते. म्हणजे कल्पना नवी नव्हती. अडचण ती राबवण्यात होती.

काफिल्याचा वेग म्हणजे त्यातल्या सगळ्यात संथ जहाजाचा वेग. तो निघेपर्यंत तयार जहाजांनाही बंदरात नांगर टाकून बसावे लागते. माल पडून राहतो, खलाशांचे पगार चढत जातात, आणि तेच खलाशी आरमाराची भरती-टोळी सक्तीने उचलून नेते. सगळी जहाजे एकदम पोचली की माल एकाच वेळी बाजारात येतो आणि भाव पडतो. म्हणून व्यापारी काफिल्यासाठी सरकारच्या दारात जात आणि काफिला मिळाला की त्याच्याच नावाने बोटे मोडत.

स्मर्नाचा काफिला असाच वर्षाहून अधिक काळ रेंगाळला होता. आरमार दुसऱ्या कामांत होते. वाट पाहता पाहता जहाजे वाढत गेली. शेवटी इंग्रज, डच आणि इतर देशांची मिळून सुमारे चारशे व्यापारी जहाजे जमली. सगळी स्मर्नाला जाणारी नव्हती. कोणी स्पेनपर्यंत, कोणी इटलीला, कोणी पुढे तुर्कस्तानला. पण लंडन आणि ॲमस्टरडॅमच्या भांडवलाचा एवढा मोठा हिस्सा एकाच वेळी एकाच वाटेवर निघणार होता, आणि फ्रेंचांना हे कळू न देणे अशक्य होते. वर्षभर चाललेली तयारी कुठे लपते?

तुरव्हिलने ते हेरले. काफिला निघण्याआधीच तो मोठे आरमार घेऊन ब्रेस्त या फ्रेंच आरमारी बंदरातून बाहेर पडला आणि दक्षिणेला पोर्तुगालच्या लागोसच्या उपसागरात दबा धरून बसला. त्याच्याकडे सत्तरच्या आसपास मोठ्या युद्धनौका होत्या. आदल्या वर्षी पंधरा जहाजे जाळली गेली तेव्हा लंडनने फ्रेंच आरमार संपले असे धरले होते. फ्रेंच गोद्यांनी ती तूट वर्षभरात भरून काढली होती.

पर्याय

काफिला १६९३च्या मे महिन्याच्या अखेरीस निघाला. त्याच्या थेट सोबतीला जॉर्ज रूकच्या हाताखाली वीसेक इंग्रज आणि डच युद्धनौका होत्या, आणि सुरुवातीच्या धोक्याच्या पट्ट्यापुरते तिघा सेनापतींचे मुख्य आरमारही. धोक्याचा पट्टा म्हणजे ब्रेस्तचे तोंड. ते ओलांडले की पुढचे रूकने पाहावे, असा बेत होता.

इथे प्रश्न सोपा दिसतो: मुख्य आरमाराने किती लांब जायचे? सेनापतींसमोर ढोबळमानाने चार वाटा होत्या.

पहिली, ब्रेस्तमध्ये डोकावून पाहायचे. एखादे चपळ जहाज बंदराच्या तोंडाशी पाठवले असते तर आत जहाजांचे जंगल आहे की पाणी मोकळे आहे, एवढे तरी कळले असते. फ्रेंच आत असतील तर त्यांना तिथेच अडवून धरता आले असते. नसतील तर ते बाहेर कुठेतरी आहेत, हे उघड झाले असते.

दुसरी, थेट पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाच्या, केप सेंट व्हिन्सेंटच्या पुढे, स्पेनमधल्या काडिझपर्यंत सोबत करायची. सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात महाग. मुख्य आरमारात शिधा कमी भरला होता. शिवाय एवढे लांब गेल्यावर मागे इंग्लिश खाडी उघडी पडणार होती. बीची हेडनंतर टेनमथची राख पाहिलेल्या माणसांना ही भीती खोटी वाटणार नव्हती.

तिसरी, बातमी येईपर्यंत काफिला थांबवायचा. पण वर्षभर थांबलेल्या व्यापाऱ्यांना आणखी थांबा म्हणण्याची हिंमत कोणाची? आणि चारशे जहाजे भर समुद्रात एका जागी धरून ठेवणे म्हणजे वाऱ्याशी जुगार.

चौथी, ठरल्याप्रमाणे एका टप्प्यावर काफिल्याला निरोप द्यायचा आणि परत फिरायचे.

वरून आलेल्या आज्ञा मोघम होत्या. विल्यम फ्लँडर्सच्या रणांगणावर होता, लंडनमध्ये त्याची पत्नी राणी मेरी आणि मंत्रिमंडळ. ब्रेस्तची पक्की बातमी आणण्याची जबाबदारी मंत्र्यांची की सेनापतींची, हे कुठेच स्पष्ट नव्हते. नंतर संसदेत झालेल्या चौकशीत दोन्ही बाजूंनी ती एकमेकांवर ढकलली. मला या प्रकरणाचे मर्म इथेच दिसते. प्रत्येकाकडे दुसऱ्याने पाहिले असेल असे मानायला जागा होती.

निर्णय आणि घटनाक्रम

जूनच्या पहिल्या आठवड्यात, ब्रेस्तजवळच्या उशां बेटाच्या पश्चिम-नैर्ऋत्येला साधारण दीडशे सागरी मैलांवर, युद्धसभा भरली आणि मुख्य आरमार परत फिरले. ब्रेस्तमध्ये कोणी डोकावले नव्हते. केप सेंट व्हिन्सेंट अजून सहाशेहून अधिक सागरी मैल लांब होते. रूक नाखूश होता, पण हुकूम तिघांचा.

तीन सेनापतींच्या सभेत असा निर्णय का निघतो, याचा अंदाज बांधता येतो. एकट्या सेनापतीने आज्ञेपलीकडे पाऊल टाकले तर श्रेयही त्याचे आणि दोषही त्याचा. तिघे, त्यातही एकमेकांकडे संशयाने पाहणारे, असतील तर कागदावर जे लिहिले आहे त्यालाच ते चिकटून राहतात. कागदावर ठराविक टप्प्यापर्यंत सोबत, एवढेच लिहिले होते.

ब्रेस्त रिकामे असल्याची बातमी लंडनला पोचली तेव्हा रूकला गाठणे शक्य राहिले नव्हते. वारा चांगला होता. काफिला झपाट्याने दक्षिणेला सरकत होता.

१६ आणि १७ जूनला लागोसजवळ फ्रेंच शिडे दिसू लागली. रूकच्या माणसांनी एक फ्रेंच जहाज पकडले. त्यावरच्या कैद्यांनी सांगितले की समोर फक्त पंधराएक युद्धनौका आहेत. ती थाप होती आणि काही तास ती खपली. धुके विरल्यासारखे एकामागून एक जहाज दिसू लागले तेव्हा रूकला कळले की समोर अख्खे आरमार आहे.

इथला रूकचा निर्णय मला समजण्यासारखा वाटतो. वीस जहाजांनी सत्तरांशी लढून काफिला वाचत नव्हता. त्याने किनाऱ्याजवळच्या व्यापारी जहाजांना फारो, सान लुकार, काडिझ अशा जवळच्या बंदरांत शिरायला सांगितले आणि उरलेल्यांना घेऊन तो खोल समुद्राकडे वळला. मागे राहिली श्राइव्हर आणि फान डर पूल या डच कप्तानांची दोन जहाजे. ती किनाऱ्याच्या बाजूला वळली, फ्रेंचांची आघाडी त्यांच्या मागे लागली, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांना अंतर मिळाले. दोन्ही जहाजे शेवटपर्यंत लढून पडली. इंग्रजी इतिहासात त्यांचा उल्लेख ओझरता येतो. काफिल्याचा मोठा भाग वाचला तो बराचसा या दोघांमुळे.

पुढचे काही दिवस फ्रेंचांनी किनाऱ्याकिनाऱ्याने शिकार केली. जिब्राल्टर आणि मालागाच्या आसऱ्याला गेलेली जहाजेही सुटली नाहीत. काही तर त्यांच्याच माणसांनी जाळली किंवा बुडवली, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. रूक पन्नासेक जहाजे घेऊन अटलांटिकमधल्या मदेरा बेटाला गेला आणि तिथून आयर्लंडला परतला.

परिणाम

सुमारे नव्वद व्यापारी जहाजे गेली. नुकसानीचा अंदाज दहा लाख पौंडांच्या वर. १६६६च्या आगीनंतर लंडनच्या व्यापारी वस्तीला एवढा मोठा फटका बसला नव्हता. विमा देणाऱ्या तेव्हा कंपन्या नसत. कॉफीहाउसात बसून विम्याच्या कागदावर आपापल्या हिश्शाची रक्कम लिहिणारी ती खाजगी माणसे. त्यांतली कित्येक बुडाली. त्यांना घेणेकऱ्यांपासून थोडा श्वास मिळावा म्हणून विधेयक आले, संसदेच्या खालच्या सभागृहात मंजूर झाले आणि वरच्या सभागृहात लॉर्ड्सनी फेटाळले.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. चारशेपैकी तीनशेहून अधिक जहाजे वाचली. पाठलाग नेटाने केला नाही म्हणून तुरव्हिलवर फ्रान्समध्ये टीका झाली. एवढी जहाजे एकेकटी गेली असती तर किती वाचली असती? काफिल्याची पद्धत इथे हरली असे मला म्हणवत नाही. उलट इतक्या ढिसाळपणे राबवूनही तिने पाऊणशे टक्के जहाजे वाचवली. पण बाजाराला नव्वदच दिसत होती.

नोव्हेंबरमध्ये संसद भरली. हा गैरकारभार ढळढळीत आणि दगाबाजीचा होता, असा ठराव खालच्या सभागृहाने केला. दगाबाज नेमका कोण, यावर मात्र एकमत झाले नाही. तिन्ही सेनापती गेले, नॉटिंगहॅमला जावे लागले, रसेल परत आला.

माणसे बदलणे सोपे असते. त्यानंतर जे झाले ते जास्त महत्त्वाचे.

१६९४ साली संसदेने आरमारासाठी पैसे मंजूर करतानाच काही जहाजे निव्वळ व्यापाराच्या रक्षणासाठी राखून ठेवण्याची अट घातली. कोणते जहाज कुठे जाईल हे ठरवणे हा तोवर राजाचा अधिकार मानला जाई. त्यात संसदेने हात घातला.

त्याच वर्षी बँक ऑफ इंग्लंड निघाली. तिने सरकारला ८ टक्के व्याजाने १२ लाख पौंड दिले, आणि यातला मोठा वाटा युद्धाकडे, विशेषतः आरमाराकडे गेला. व्याज फेडायला जे कर बसवले त्यात जहाजांच्या टनभारावरचा कर होता. म्हणजे लागोसला जेवढे बुडाले त्याहून थोडीच अधिक रक्कम वर्षभरात त्याच शहरातून उभी राहिली, आणि तिचे व्याज जहाजेच देणार होती. फ्रान्सला हे जमले नाही. १६९३-९४च्या दुष्काळात तिथला खजिना आटला आणि लुईच्या सरकारला मोठे आरमार पोसणे सोडून खाजगी लुटारू जहाजांवर भिस्त ठेवावी लागली. तुरव्हिलचा हा मोठा विजय, पण त्याच्या आरमाराचा बहर इथेच संपला.

१६९४-९५च्या हिवाळ्यात रसेलचे आरमार घरी परतले नाही. विल्यमने त्याला काडिझलाच ठेवले. थंडीत मोठी जहाजे परक्या बंदरात ठेवायची, त्यांची डागडुजी तिथेच करायची, हे त्या काळी मोठे धाडस होते. दुसरीकडे, १६९०च्या दशकातच प्लिमथला नवी गोदी उभी राहत होती, म्हणजे ब्रेस्तवर नजर ठेवणारे आरमार घराजवळच दुरुस्त होऊ शकणार होते. १६९६ साली व्यापार मंडळ नेमले गेले, त्यामागेही समुद्रावरच्या नुकसानीबद्दलची ओरड हे एक कारण होते.

इतके होऊनही चूक पुन्हा घडली. ऑक्टोबर १७०७मध्ये पोर्तुगालला निघालेल्या काफिल्याला इंग्लंडच्या लिझर्ड टोकाजवळ फ्रेंचांनी गाठले आणि सोबतीच्या पाच मोठ्या जहाजांपैकी तीन पकडली, एक उडवून दिले. व्यापारी पुन्हा संसदेच्या दारात. १७०८च्या कायद्याने मग मुख्य आरमाराव्यतिरिक्त ४३ युद्धनौका व्यापाराच्या राखणीसाठी ठरावीक ठिकाणी गस्तीवर राहतील असे बांधून टाकले. पकडलेल्या शत्रुजहाजाचे सगळे मोल पकडणाऱ्यांनाच मिळेल, राजाचा वाटा नाही, हेही त्याच कायद्यात आले. गस्तीचे कंटाळवाणे काम एकाएकी हौसेचे झाले असावे, याचे नवल नको.

हीच रीत पुढे मुंबईतही दिसते. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारासमोर ईस्ट इंडिया कंपनीने व्यापारी गलबतांना सशस्त्र सोबत दिली, मुंबईत स्वतःची लढाऊ जहाजे बांधायला घेतली, आणि ते पुरेना तेव्हा १७२१ साली राजाच्या आरमाराला बोलावले. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरच्या त्या मोहिमेत इंग्रज आणि पोर्तुगीज दोघेही हात हलवत परतले. त्या वेळी लंडनचा कायदा आणि बँक कामी आली नाही. किनारा कान्होजींचा होता.

काय वेगळे करता आले असते

ब्रेस्तच्या तोंडाशी एक जहाज. सगळ्यात स्वस्त उपाय हाच होता, आणि तो नाकारण्यासारखे एकही कारण चौकशीत पुढे आलेले दिसत नाही. शिध्याची टंचाई, खाडीची काळजी, मोघम हुकूम ही सगळी कारणे लांब जाण्याच्या आड येतात. डोकावून पाहण्याच्या आड येत नाहीत.

दुसरी गोष्ट वाटेतली. तुरव्हिल लागोसला कित्येक दिवस पडून होता. एवढे आरमार किनाऱ्यावरच्या कोळ्यांपासून लपत नाही. बातमी पोर्तुगालच्या किनाऱ्यावर होती, रूकपर्यंत ती आली नाही. हलकी जहाजे एक-दोन दिवस पुढे धाडून किनाऱ्यावर चौकशी करण्याची व्यवस्था काफिल्याच्या आखणीतच हवी होती.

तिसरी गोष्ट वादाची. काही जण म्हणतात की काफिला एवढा मोठा होऊ द्यायलाच नको होता, शंभर-शंभरचे चार करून पाठवायचे. मला हे पटत नाही. चार काफिल्यांना चार वेळा सोबत द्यावी लागली असती आणि तुरव्हिलला चार संधी मिळाल्या असत्या. समुद्र अफाट आहे. त्यात चारशे जहाजे शोधणे शंभर शोधण्यापेक्षा फारसे सोपे नसते. काफिल्याचा आकार नडला नाही, वर्षभर गवगवा झालेली वेळ नडली. वर्षातून दोनदा, ठरल्या वेळी, थोडक्या गाजावाजात काफिले गेले असते तर त्यांच्यासाठी अख्खे आरमार दबा धरून बसण्याइतके घबाड एका जागी जमलेच नसते.

तिघांच्या सामायिक सेनापतिपदाचा प्रयोग मात्र इतका फसला की त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

नंतर

लागोसहून मदेराला पळालेला रूक १७०४ साली त्याच पाण्यात परत आला, या वेळी मुख्य आरमाराचा सेनापती म्हणून, आणि त्याने जिब्राल्टर घेतले. १७०८ साली भूमध्य समुद्रातले मिनोर्का बेटही आले. १७१३च्या उत्रेख्तच्या तहात दोन्ही ब्रिटनकडे राहिली. १६९३ साली जिब्राल्टरच्या ज्या खडकाच्या आसऱ्याला गेलेली जहाजे वाचली नव्हती, तिथे आता इंग्रजी तोफा होत्या.

१७९८ साली युद्धकाळात काफिल्याबाहेर जाणे व्यापारी जहाजांना कायद्याने बंद झाले. १९व्या शतकात तो कायदा रद्द झाला आणि आरमारातली माणसे काफिल्याला बचावात्मक, कमीपणाचे काम म्हणू लागली. एप्रिल १९१७मध्ये जर्मन पाणबुड्यांनी महिन्याभरात आठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडवली, तेव्हाही ॲडमिरल्टीत, म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या मुख्य कचेरीत, तेच वाद झाले: सोबतीला जहाजे पुरणार नाहीत, व्यापारी कप्तानांना रांग धरता येणार नाही, सगळे एकत्र म्हणजे शत्रूला सोपे. शेवटी १० मे १९१७ रोजी पहिला प्रायोगिक काफिला इंग्लंडकडे निघाला. तो जिब्राल्टरहून निघाला आणि एकही जहाज न गमावता पोचला.